बाळंतविड्यात हातचा स्वेटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मैत्रिणीला दिवाळीच्या सुमारास बाळ होईल. बाळंतविड्यात हाताने विणलेला स्वेटर आणि टोपी द्यायची आहे. माप, लोकर आणि टाके किती? (प्रतापनगर)

उत्तर : नवजात बाळाच्या मापाचा विणू नका. आपल्याकडे थंडीचा जोर डिसेंबर-जानेवारीत, तोवर बाळ दोन-तीन महिन्यांचं झालेलं असतं. घेर ५० सेंमी धरा. आत झबलं मावतं आणि थंडी सरेपर्यंत स्वेटर पुरतो. नागपुरात पहाटे कुडकुडायला होतं आणि दुपारी अंगावर काही नकोसं वाटतं, म्हणून समोरून उघडाच बरा.

चार पदरी बेबी वूल आणि १० नंबरची, वायरने जोडलेली गोल सुई घ्या. स्वेटरला साधारण १०० ग्रॅम, टोपीला ३० ग्रॅम लोकर लागते. १५० ग्रॅम एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर जुळवून घ्या. नंतर बर्डीवर पुन्हा चक्कर मारलीत तर दुकानदार ‘तोच पांढरा’ देईल, पण शेजारी ठेवला की फरक दिसतोच. केसाळ लोकर नको, तिचे तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात.

आधी नमुना विणून मोजा. १० सेंमीत २८ टाके आणि ३६ ओळी यायला हव्यात. ३० टाके भरले तर घेर साडेतीन सेंमीने कमी होईल. मग ९ नंबरची, म्हणजे एक नंबर जाड सुई घ्या.

गळ्याकडून खाली विणलं की खांद्याला शिवण येत नाही. ७६ टाके सैल घाला आणि ६ ओळी सगळ्या सुलट विणा. मग वाटणी अशी : पुढचा भाग १५, बाही ११, पाठ २४, बाही ११, पुढचा भाग १५. दोन्ही कडांचे ५-५ टाके पट्टीचे, ते दोन्ही बाजूंनी सुलटच विणायचे. चारही जोडांवर, जोडाच्या अलीकडे-पलीकडे एकेक टाका, असे दर सुलट ओळीला ८ टाके वाढवा. वाढवताना धागा नुसता पुढे घेऊ नका, भोक पडतं. दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून पीळ देऊन विणा. २० वेळा वाढवलं की २३६ टाके होतात. आता बाह्यांचे ५१-५१ टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवा, प्रत्येक काखेत ५ नवे टाके घाला आणि १४४ टाक्यांवर १४ सेंमी अंग विणा. शेवटचे ३ सेंमी एक टाका सुलट, एक टाका उलट. काज पट्टीत दर २० ओळींनी : धागा पुढे, दोन टाके एकत्र.

बाही विणायला घेतली की काखेच्या दोन्ही टोकांना भोक दिसतं. ते सगळ्यांनाच दिसतं, कारण तिथे धागा ताणला जातो. काखेतून ५ टाके उचलताना दोन्ही टोकांना एकेक जादा टाका उचला आणि पुढच्या ओळीत तो शेजारच्याबरोबर विणून टाका. मग ५६ वरून मनगटाशी ४० पर्यंत कमी करत आणा. लांबी १५ सेंमी.

टोपीला १०४ टाके. १० सेंमी झाल्यावर एक ओळ सोडून एका ओळीत ८ टाके कमी करत जा. गळ्याशी बांधायचे बंद लावू नका आणि झोपवताना टोपी काढायला सांगा.

प्रश्न : बंद गळ्याचा स्वेटर विणला, पण डोकंच जात नाही. उसवावा लागेल? (महाल)

उत्तर : फक्त गळपट्टी. टाके घट्ट बंद झालेत. ते सोडवा आणि दोन नंबर जाड सुईने पुन्हा बंद करा. तरीही अडलं तर एक खांदा उसवून तिथे तीन बटणं लावा. बटणं दुहेरी सुती दोऱ्याने शिवा आणि ओढून बघा.

प्रश्न : पायमोज्यांवर दोन रंगांची नक्षी केली तर? (सदर)

उत्तर : आतून रंगांचे धागे लोंबतात आणि बाळाची बोटं त्यात अडकतात. सुटा धागा बोटाला गुंडाळला तर रक्त अडतं. रंगाचे आडवे पट्टे करा, टोकं शिवून टाका. जाळीची वीणही पायमोज्यात नको.

प्रश्न : दोन महिने आधी विणून ठेवला तर डांबर गोळ्या घालाव्यात का? (नंदनवन)

उत्तर : मुळीच नाही. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य कमी असतं. डांबर गोळ्यांतल्या नॅप्थलिनच्या वासाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. कोमट पाण्यात धुवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत आडवा पसरून वाळवा आणि सुती कापडात बांधून ठेवा. ॲक्रिलिक असेल तर इस्त्री फिरवू नका, वीण चपटी होते ती कायमची.