चेहरा धूसर केला, की संशोधनाचा व्हिडिओ इतरांना देता येतो का?

लातूर जिल्ह्यात चित्रित केलेले स्वमग्न मुलांच्या खेळाचे व्हिडिओ चेहरे धूसर करून दुसऱ्या संस्थेतील संशोधकांना द्यावेत का, असा आपला प्रश्न आहे. तेवढे पुरेसे नाही, आणि पुष्कळदा ते अभ्यासाच्याच मुळावर येते, कारण नजर आणि हावभाव हीच तर इथली खरी सामग्री असते. शिवाय औशासारख्या लहान गावात मूल चेहऱ्याशिवायही ओळखू येते: मागून आईने मारलेली हाक, भिंतीवरचे शाळेचे नाव, ओसरीपुढच्या मोटारसायकलचा क्रमांक, फाइलमध्ये आपोआप नोंदलेले स्थान. आवाजाचा तर हमखास विसर पडतो.

केवळ हालचालींचा अभ्यास असेल, तर व्हिडिओतून मुलाच्या शरीरातील सांध्यांच्या जागा दाखवणारे बिंदू काढून तेवढीच माहिती द्यावी. अर्थात चालण्याच्या ढबीवरूनही माणूस ओळखता येतो. हावभाव पाहणे अपरिहार्यच असेल, तर मूळ व्हिडिओ एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय उघडणार नाही अशा सांकेतिक रूपात, आपल्याच संस्थेत ठेवावा आणि लेखी करार केलेल्या संशोधकांनाच, डाउनलोडची सोय न देता, तो पाहू द्यावा.

चित्रीकरणाची संमती आणि इतरांना देण्याची संमती पालकांकडून वेगवेगळी घ्यावी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरील मुलाचीही अनुमती विचारावी लागते. संमतिपत्रावर अंगठा घेण्याची घाई नको. एकदा बाहेर गेलेली प्रत परत आणणे जवळपास अशक्य असते, हे मुलाच्या आईला तिच्या बोलीत, नमुन्याचा व्हिडिओ दाखवून सांगावे.