मुलाखत चांगली होऊनही भलतंच कारण देऊन नाकारलं, तर ते मनावर घ्यावं का?

चार फेऱ्या नीट पार पडल्या आणि शेवटी "संवादकौशल्य कमी पडलं" अशी एक ओळ हातात आली, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात कालवलं, कारण मी यातून गेलोय.

डेटा अ‍ॅनालिस्टची जागा होती. तिसऱ्या फेरीत प्रश्न आला: एकही ऑर्डर न दिलेल्या ग्राहकांची यादी काढा. मी एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवायच्या भाषेत, 'नॉट एक्झिस्ट्स' ही अट वापरून क्वेरी (माहिती मागवणारी आज्ञा) लिहिली. समोरचे म्हणाले, "एवढं कशाला? 'नॉट इन' लिहा." मी म्हणालो, "नाही, ऑर्डरच्या टेबलात ग्राहक क्रमांकाच्या रकान्यात एक जरी 'नल' (किंमतच न भरलेली जागा) असला, तर 'नॉट इन' एकही ओळ देत नाही." "असं काही होत नाही," म्हणून ते दुसऱ्या स्क्रीनवर काहीतरी टाइप करू लागले. चालवून दाखवतो म्हटलं, तर वेळ नव्हता.

दोनदा आठवण केल्यावर मेल आला: "एसक्यूएलचा पाया कच्चा. सूचना स्वीकारण्याची तयारी नाही."

त्याच रात्री तीन-तीन ओळींची दोन टेबलं बनवून, एक 'नल' ठेवून 'नॉट इन'ची क्वेरी चालवली. उत्तर शून्य ओळी. माझं बरोबर होतं, पण त्याने बरं वाटलं नाही. मेलमधलं पहिलं वाक्य तपासता आलं, दुसरं डोक्यात रुतून बसलं. पुढच्या मुलाखतीत समोरच्याने चुकीचं सांगितलं तरी मी "हो, बरोबर" म्हणून मान डोलावली. ती नोकरी हुकल्यापेक्षा हे नुकसान मोठं होतं, आणि तुमचं तसं होऊ नये म्हणून एवढं लिहितोय.

बऱ्याच ठिकाणी ही ओळ मुलाखत घेणारा लिहीतच नाही. तो फॉर्ममध्ये दोन शब्द टाकतो आणि खोलीत नसलेलं एचआर त्यावरून मेल बनवतं. त्यात प्रश्न ठरलेले नसतील, तर मत बनतं ते बोलण्याच्या ओघात. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं होतं. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून गुण देणाऱ्या मुलाखतीचा पुढच्या कामाशी संबंध ०.५१ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.३८. म्हणजे चांगल्यात चांगली मुलाखतसुद्धा बरंच काही चुकवते.

म्हणून आधी विचारलेले प्रश्न आणि तुमची उत्तरं आठवतील तशी आजच लिहून काढा, चार दिवसांनी ती पुसट होतात. मग एकच छोटा मेल पाठवा: "माझ्या कोणत्या उत्तरात हे जाणवलं, ते कळलं तर सुधारणा करता येईल." निर्णयावर वाद घालू नका. मला उत्तर आलं नाही, तुम्हाला कदाचित येईल.

जे तपासता येत नाही, ते तुमच्याबरोबर काम केलेल्या, तोंडावर खरं बोलणाऱ्या माणसाला विचारा. माझी जुनी सहकारी म्हणाली, "तू ऐकत नाहीस असं नाही, पण आधी 'नाही' म्हणतोस आणि कारण नंतर सांगतोस." हे मला पटलं. आता कारण आधी सांगतो. मेलमधल्या त्या ओळीने मला हे कधीच कळलं नसतं.

तुमच्या मेलमध्ये त्या ओळीखेरीज एखादा प्रसंग दिलाय का? असेल तर इथे लिहा, मिळून बघू.