हेडलाईट लावली की टेंपरेचरचा काटा वर उडतो, सेन्सर बदलू का?

सेन्सर आत्ता बदलू नका हो, पैसे फुकट जातील. लाईट लावल्यावरच काटा उडतो म्हणजे बहुतेक अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या जोडणीचा घोळ आहे, आणि रत्नागिरीजवळच्या मिऱ्या किनाऱ्याची खारी हवा, त्यात तुमची स्पोर्ट्स कार वीस वर्षं जुनी, थिंबलाखाली (वायरीच्या टोकाची, बोल्टात बसणारी धातूची कडी) तांब्यावर हिरवी पूड धरते. इंजिन चालू ठेवून, लाईट लावून मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा, मग डॅशबोर्डमागच्या अर्थच्या बोल्टलाही, 0.2 व्होल्टच्या वर गेलं तर तिथेच दुखणं. इंजिन बंद करून, बॅटरीची मायनसची वायर काढून तो अर्थचा बोल्ट खोला, पॉलिश पेपरने घासा, आवळून वरून व्हॅसलीन फासा. बॉडी फायबरची असेल तर दिव्यांच्या अर्थच्या वायरी वेगळ्या असतात, त्यापण बघाच.