झेडपीच्या शाळेत दिव्यांग मुलाचं नाव घालताना

ताई, "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही" हे ऐकून परत फिरू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मधलं कलम 31 लक्षात ठेवा: 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा हवं तर विशेष शाळेत, मोफत शिकायचा हक्क आहे. तोंडी वाद घालू नका. अर्ज द्या, पोच घ्या.

मग तालुक्याचं गटसाधन केंद्र, म्हणजे शाळांना मदत करणारं शिक्षण विभागाचं केंद्र, गाठा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तिथून शाळांवर जातात. एकाकडे बऱ्याच शाळा, त्यामुळे ते रोज येणार नाहीत. रोज मूल असतं ते वर्गशिक्षकांपुढे! म्हणून विशेष शिक्षक येतील त्या दिवशी तुम्हीही शाळेत जा आणि पुढच्या भेटीपर्यंत वर्गात काय, घरी काय करून घ्यायचं, हे तिघांनी मिळून ठरवा. वहीत तारीख घालून लिहा. या सगळ्या धावपळीत मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, लवकर काढा. शाळेच्या यू-डायस नोंदीत (शाळा आणि मुलांची सरकारी ऑनलाइन माहिती) दिव्यांगत्वाचा प्रकार बरोबर भरलाय ना, तेही बघा. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, श्रवणयंत्राचं मोजमाप शिबिर, सगळ्याची चौकशी गटसाधन केंद्रातच करा.

दहावीला लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. त्याचे कागद शाळेमार्फत मंडळाकडे जातात, तेव्हा नववीतच तयारीला लागा.