बिली कॉबमचा ‘स्पेक्ट्रम’ खरंच एवढा भारी आहे का?

तुम्ही विचारलंय की जॅझ-फ्युजनची, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या मिश्रणाची, कुठलीही यादी उघडली की ड्रमर बिली कॉबमचा ‘स्पेक्ट्रम’ हा अल्बम वर दिसतो, म्हणून लावला, पण पहिल्या ट्रॅकलाच डोकं उठलं. मग ऐकणाऱ्यांना यात नक्की काय आवडतं, की मोठं नाव आहे म्हणून सगळे माना डोलावतात?

माना डोलावणारे आहेतच, ते कुठल्या संगीतात नसतात? पण तुम्ही ज्या ‘क्वाड्रंट ४’ला कंटाळून अल्बम बंद केलात, त्याच्यावरून चाहत्यांमध्येसुद्धा फूट आहे. एका गटाला तो सव्वाचार मिनिटांचा झंझावात म्हणजे अल्बमचा कळस वाटतो. दुसरा गट म्हणतो, वेग सोडून त्यात हाताला काय लागतं? मी बराचसा दुसऱ्या गटात मोडतो, आणि तरीही हा अल्बम मला फार आवडतो. कारण माझ्या मते हा ड्रमरचा अल्बम असला तरी तो बासच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या गिटारच्या, बाजूनं ऐकावा लागतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. कॉबम पनामात जन्मला, न्यूयॉर्कमध्ये वाढला. हॉरेस सिल्व्हर, माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर वाजवून तो १९७१ मध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या फ्युजन बँडमध्ये आला. तिथला कारभार अवघड: सात, नऊ, अकराची मापं, गिटार-व्हायोलिन-कीबोर्डची अंगावर धावून येणारी वळणं. तो बँडमध्ये असतानाच मे १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत, म्हणजे जिमी हेंड्रिक्सनं उभारलेल्या जागेत, तीन दिवसांत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि त्या शरद ऋतूत अटलांटिकनं बाजारात आणला. सगळ्या रचना कॉबमच्या. ध्वनिमुद्रणाला केन स्कॉट, ज्यानं बीटल्स आणि डेव्हिड बोवीबरोबर काम केलेलं. ड्रमचा आवाज आजही एवढा मोकळा आणि अंगावर येणारा वाटतो, त्याचं बरंच श्रेय या माणसाचं.

आता मंडळी पाहा. कीबोर्डला महाविष्णूतलाच यान हॅमर. गिटारला टॉमी बोलिन, कोलोराडोतून वर आलेला, विशीतला रॉक वाजवणारा पोरगा. बासला ली स्क्लार, जो जेम्स टेलरसारख्या गायकामागे शांतपणे वाजवण्यासाठी ओळखला जायचा. जॅझच्या कर्मठ श्रोत्यांची तक्रार इथेच सुरू होते: हा जॅझ कुठे आहे, हा तर रॉक. तक्रार खोटी नाही. जो फॅरेलचा सॅक्सोफोन आणि बासरी, जिमी ओवेन्सचं फ्लुगलहॉर्न (ट्रम्पेटचा मऊ आवाजाचा भाऊ), रॉन कार्टरचा लाकडी बास, रे बरेटोचे काँगा (हातानं वाजवायचे उभे ढोल) ही ‘खरी जॅझवाली’ माणसं फक्त ‘स्पेक्ट्रम’ आणि ‘ल लिस’ या दोन ट्रॅकमध्ये आहेत. ते ट्रॅक छान आहेत, सुबक आहेत, आणि माझ्या मते अल्बममधले सगळ्यात लवकर विसरले जाणारेही तेच आहेत.

जॅझचा कुठलाही तगडा बासवाला घेतला असता तर तो कॉबमच्या चाळ्यांना उत्तरं देत बसला असता. स्क्लार देत नाही. तो एक ओळ धरतो आणि तिथेच बसतो. याचा पुरावा म्हणजे ‘स्ट्रॅटस’, जवळजवळ दहा मिनिटांचा. पहिली तीनेक मिनिटं हॅमरच्या सिंथचे (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे) अधांतरी आवाज आणि त्यावर कॉबमची मोकाट फिरस्ती. पुष्कळ लोक इथेच पुढे ढकलतात, आणि खरं सांगायचं तर ढकललं तरी पाप लागणार नाही. मग बासची ती ओळ सुरू होते, हाय-हॅटवर (पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) सोळाचे ठोके पडायला लागतात, आणि तुम्ही खुर्चीत सरसावून बसता.

आपल्या कानांना हे समजायला एक सोपी वाट आहे. तबल्याचा सोलो आठवा. पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो, तोच तो, आवर्तनामागून आवर्तन. लेहरेवाल्यानं करामत करायची नसते, लय सांभाळायची असते, आणि तो जितका ठाम तितका तबलजीला मोकळेपणा जास्त. ‘स्ट्रॅटस’मधला स्क्लार हा लेहरेवाला आहे. बोलिन आणि हॅमर वर आपापलं बोलून घेतात, आणि कॉबम खाली हळूहळू भरत जातो: स्नेअरवर, म्हणजे मधल्या खणखणीत ड्रमवर, ऐकू येईल न येईल असे दबके ठोके, मग एखादी फिल (ठेक्यातली जागा भरणारा छोटा तुकडा), मग लांब फिल, शेवटाकडे तर पार धुमाकूळ. बास मात्र ढळत नाही. रॉकचं साधं चार-चारचं माप आहे, त्यामुळे हाय-हॅटवर एक ते सोळा मोजत बसता येतं. कॉबम समेच्या अगदी तोंडाशी येऊन तिला हुलकावणी देतो ते मग स्पष्ट कळतं. तबला ऐकणारी माणसं या ट्रॅकला फार चटकन दाद देतात, असा माझा अनुभव आहे. जॅझशी त्यांचा संबंध नसला तरी.

ड्रम वाजवणारे श्रोते वेगळंच काही बोलतात. त्यांचं सगळं लक्ष हातांवर. बहुतेक ड्रमर उजवा हात डाव्यावरून ओलांडून हाय-हॅट वाजवतात. कॉबम डाव्या हातानंच वाजवतो, त्यामुळे उजवा हात बाकीच्या ड्रमवर फिरायला मोकळा राहतो. शिवाय दोन पायांखाली दोन बेस ड्रम. ‘क्वाड्रंट ४’ मधला तो घरंगळत जाणारा दुहेरी पायांचा शफल (झोके घेणारा ठेका) पुढे हेवी रॉकच्या ड्रमरांनी मनापासून उचलला. तुम्ही पुन्हा ऐकाल तेव्हा निदान एक गंमत करून बघा: बोलिनची गिटार कुठे संपते आणि हॅमरचा मूग (त्या काळचा सिंथ) कुठे सुरू होतो ते ओळखायचा प्रयत्न करा. हॅमर मूगवर सूर गिटारवाल्यासारखे ओढतो-वाकवतो, त्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते. ‘मूग फार आहे’ अशी कुरकुर करणारेही भेटतील. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. १९७३ चा आवाज आहे तो, तसाच असणार.

ट्रॅकच्या आधी जोडलेले छोटे तुकडे, म्हणजे एखादा ड्रमचा, एखादा पियानोचा, एखादा इलेक्ट्रॉनिक बीप-बूपचा, जवळपास कुणालाच प्रिय नाहीत. पुढे जा.

शेवटचा ‘रेड बॅरन’ मात्र सगळ्या गटांना मान्य. मध्यम लय, फंकचा डुलणारा ठेका, आणि कॉबम जवळजवळ काहीच दाखवत नाही. एवढं सगळं येणारा माणूस हात आखडता घेतो तेव्हा प्रत्येक ठोक्याला वजन येतं. ‘याला नुसता वेगच जमतो’ म्हणणाऱ्यांना मी हाच ट्रॅक ऐकवतो.

‘नाव मोठं म्हणून’ हा तुमचा संशय घ्यायचा तर मी लोकांच्या मतांपेक्षा पुढे काय झालं तिकडे बघेन. ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या बँडनं १९९१ मध्ये ‘सेफ फ्रॉम हार्म’ या गाण्याखाली ‘स्ट्रॅटस’चाच ठेका आणि बास घातला. गाणं चाललं, आणि कॉबमचं नावही न ऐकलेली एक पिढी त्यावर डोलली. रॉक गिटारवादक जेफ बेक तर हा अल्बम ऐकून फ्युजनकडे वळलेल्यांपैकी. हॅमर पुढे त्याच्याबरोबर वाजवायला लागला, आणि बेक अगदी उतारवयातही मैफलीत ‘स्ट्रॅटस’ वाजवत होता. बोलिन १९७५ मध्ये डीप पर्पल या रॉक बँडमध्ये दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी अमली पदार्थांपायी पंचविसाव्या वर्षी वारला. गिटारवाल्यांच्या गप्पांत या अल्बमचा विषय निघाला की ड्रम बाजूला राहतात आणि हळहळ बोलिनची होते.

तर क्रम उलटा करा. आधी ‘रेड बॅरन’, मग ‘स्ट्रॅटस’ तिसऱ्या मिनिटापासून, मग ‘टॉरियन मॅटाडोर’, आणि ‘क्वाड्रंट ४’ सगळ्यात शेवटी. मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात नको, त्यात बास गायब होतो आणि उरतो तो तुम्ही ऐकलात तोच गोंगाट. एवढं करूनही आवडला नाही तर कॉबमचा १९७४ चा ‘क्रॉसविंड्स’ लावा. त्यात ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर ब्रेकर बंधू आणि कीबोर्डवर जॉर्ज ड्यूक आहेत, हवा जास्त खेळती आहे, आणि त्यातला ‘हेदर’ रात्री ऐकण्याजोगा आहे. तबल्याच्या वाटेनंच या गावात शिरायचं असेल तर त्रिलोक गुर्टूंचा १९८८ चा ‘उसफ्रेट’ आहे. मुंबईचा तालवादक, मॅक्लॉफ्लिनबरोबरही वाजवलेला, आणि गायला त्याची आई, शोभा गुर्टू.