दुहेरी सळईचा बीम: दाबाच्या बाजूचं स्टील कसं काढायचं?

प्रश्न असा: बीम २३०×४५० मिमी, एम२० काँक्रीट (ताकद, म्हणजे एफसीके, २० न्यूटन/चौ. मिमी), एफई४१५ सळई (ताकद, म्हणजे एफवाय, ४१५), मोमेंट (बीम वाकवणारा जोर) १५० किलोन्यूटन-मीटर आणि खोली वाढवता येत नाही. मग काय?

परिणामी खोली (वरच्या कडेपासून खालच्या सळयांच्या मध्यापर्यंत) ४१० मिमी धरा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एकेरी सळईच्या (फक्त खाली सळई असलेल्या) बीमची मर्यादा येते साधारण १०६.७ किलोन्यूटन-मीटर. उरलेला ४३.३ चा मोमेंट वरच्या आणि खालच्या जादा सळयांच्या जोडीने घ्यायचा. दोघींमधलं अंतर ३७० मिमी.

इथेच बहुतेक जण चुकतात: वरच्या सळईत सरळ ०.८७ एफवाय, म्हणजे ३६१ न्यूटन/चौ. मिमी ताण धरतात. तो ताण कव्हरवर (सळईवरच्या काँक्रीटच्या थरावर) ठरतो! इथे वरून सळईच्या मध्यापर्यंत ४० मिमी, म्हणजे खोलीच्या सुमारे ०.१ पट, म्हणून ३५३. त्यातून सळईने व्यापलेल्या काँक्रीटचे ०.४४६ एफसीके, म्हणजे ८.९ वजा करा. वर लागतात ३४० चौ. मिमी: १६ मिमीच्या दोन पुरतात. खाली १०६.७ च्या मोमेंटसाठी ९०३ अधिक उरलेल्या ४३.३ साठी ३२४, म्हणजे १२२७: २० च्या चार.

आणि रिंगा (सळयांना वेढणारे स्टीलचे वेढे) विसरू नका, कळकळीने सांगतो. दाबाखालची सळई बाहेर फुगू पाहते. इथे रिंगांचं अंतर २३० मिमीपेक्षा जास्त नको. शिअरसाठी (बीम कातरू पाहणाऱ्या बलासाठी) याहून कमी अंतर लागलं तर ते कमी अंतरच ठेवा.