टाके काढल्यावर पेशंट कुठे जातो?

नागपूर, मे महिना

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझा मेसेज परवा रात्री साडेअकराला आला. सर्जरीच्या थीसिसचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, द्यायला महिना उरलाय आणि विषय ठरत नाही. तू तीन विषय लिहिलेस: आतड्यातले जिवाणू आणि कॅन्सर, रोबोटने केलेली गुदाशयाची शस्त्रक्रिया, आणि कोलोनोस्कोपीत पॉलिप ओळखणारं एआय. तिन्ही चांगले आहेत, पण एकही तुझ्या वॉर्डात होण्यातला नाही. फ्युसोबॅक्टेरियम हा एरवी तोंडात राहणारा जंतू मोठ्या आतड्याच्या गाठीत सापडतो, हे २०१२ साली दोन गटांनी दाखवलं तेव्हा मीही खूश होऊन सगळ्यांना सांगत सुटलो होतो. पण ते काम जनुकांचं वाचन करणाऱ्या प्रयोगशाळेचं. तुझा पेशंट सीईए या कॅन्सरच्या रक्ततपासणीचे पैसे मेव्हण्याकडून उसने आणतो. दीड वर्ष नमुन्यांच्या कुप्या बर्फात घालून कुरिअरच्या मागे पळशील आणि शेवटी तक्त्यात जे भरशील ते तुझं तुलाच पटणार नाही.

त्यापेक्षा माझ्या थीसिसची फजिती ऐक. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विषय होता पोटाच्या ऑपरेशननंतर जखम पिकण्याचा. रोज सकाळी राउंडच्या आधी मी स्वतः पट्टी उघडून बघायचो. दहाव्या दिवशी टाके काढले, सुटीचा कागद दिला, रकान्यात ‘जखम निरोगी’ लिहिलं की झालं. पिकलेल्या जखमा बोटांवर मोजण्याएवढ्या निघाल्या. गाइड खूश, मी त्यांच्याहून खूश. सोनेरी अक्षरांत बाइंडिंगही करून आणलं. परीक्षेच्या थोडं आधी पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) विभागातल्या एका वयस्क सरांनी ते चाळलं आणि एवढंच विचारलं, “हे दहाव्या दिवसापर्यंतचं झालं. अकराव्या दिवशी काय झालं?”

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी केस-पेपरवरचे पत्ते काढून जोडकार्डं टाकली. तुला जोडकार्ड माहीत नसणार: दोन पोस्टकार्डं जोडलेली, एक आपण लिहायचं, दुसरं कोरं, उत्तरासाठी, पैसे आधीच भरलेले. बरीचशी परत आलीच नाहीत. जी आली त्यातलं एक भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं, अक्षर बहुधा शाळामास्तरांचं. ‘आपले ऑपरेशन उत्तम झाले. घरी आल्यावर चार दिवसांनी टाक्याच्या जागेतून पू आला. येथील कंपाउंडरने महिनाभर धुऊन पट्टी केली. आता बरे आहे. आपले फार आभार.’ हा माझ्या तक्त्यातला निरोगी जखमेचा पेशंट. थीसिस पास झाली, डिग्री मिळाली. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

शस्त्रक्रियेची जखम पिकली की नाही, हे ठरवायला ३० दिवस थांबायचं असतं, ही व्याख्या आज तुला तोंडपाठ असेल. पण ३० दिवस थांबायचं म्हणजे पेशंट कुठे आहे हे ३० दिवस ठाऊक असायचं. आपल्याकडे घोडं तिथेच अडतं.

आता भगंदराचं, म्हणजे गुदद्वाराजवळच्या वाहत्या नळीसारख्या जखमेचं बघ. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने क्षारसूत्र आणि नेहमीची शस्त्रक्रिया यांची अनेक केंद्रांवर, कुणाला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवत, केलेली तुलना १९९१ साली प्रसिद्ध झाली. क्षारसूत्र म्हणजे स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकावर एक २१ लेप दिलेला दोरा. शस्त्रक्रियेची जखम साधारण चार आठवड्यांत भरली, दोऱ्याला आठ लागले. महिन्याभरातच हिशेब बंद केला असता तर आम्ही सर्जन जिंकलोच होतो. पण त्यांनी वर्षभर वाट पाहिली. वर्षाने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ११ टक्क्यांना भगंदर परत झालं होतं, दोरावाल्यांत ४ टक्क्यांना. मी त्या काळी दोऱ्याला नाक मुरडायचो. माझ्याकडच्या परत आलेल्या भगंदरांना मी ‘गुंतागुंतीची केस’ म्हणायचो. आपल्या शब्दकोशात असे सोयीचे शब्द पुष्कळ आहेत.

दुसरी चपराक पोट शिवण्याच्या बाबतीत बसली. आमच्या सरांनी शिकवलेलं: मधल्या रेषेत पोट उघडलं की बंद करताना कडेपासून सेंटीमीटरभर आत घुसायचं, सेंटीमीटरभर अंतराने टाका घ्यायचा, आणि तो असा की पुन्हा नाव काढू नये. मी आयुष्यभर तसंच शिवलं, तुझ्या सीनियरांनाही तेच शिकवलं. नेदरलँड्समधल्या मंडळींनी ५६० पेशंट घेतले. निम्म्यांना हे मोठे टाके, निम्म्यांना ५ मिलिमीटरचे बारीक, ५ मिलिमीटर अंतराने. २०१५ मध्ये निकाल आला: वर्षाने मोठ्या टाक्यांत २१ टक्क्यांना हर्निया, बारीक टाक्यांत १३ टक्क्यांना. मोठ्या टाक्यात पांढऱ्या पडद्याबरोबर चरबी आणि स्नायूही आवळला जातो, आवळलेला भाग मऊ पडतो, टाका सैल होतो आणि फट राहते. बारीक टाका फक्त पडदा धरतो. घरी जाताना दोघांच्या पोटात काडीचा फरक दिसला नसता. माझ्या हातच्या किती पोटांना पुढे हर्निया झाला? मला ठाऊक नाही. ते दुसऱ्या कुणाकडे तरी गेले असतील.

हे सगळं परदेशातच होतं असं मात्र समजू नकोस. २०२१ आणि २०२२ मध्ये पोटाच्या जखमांवरचे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. दोन्हींत भारत होता, जोडीला घाना, नायजेरिया, रवांडा, बेनिन, दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिको. पहिल्यात ५,७८८ पेशंट. कातडी पुसायचं महागडं क्लोरहेक्सिडीन आणि जंतुनाशक लावलेला धागा यांनी आपल्या जुन्या पोव्हिडोन आयोडीनपेक्षा आणि साध्या धाग्यापेक्षा काही जास्त साधलं नाही. दुसऱ्यात १३,३०१ पेशंट. पोट बंद करण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि हत्यारं नवीन घ्यायची, बस. पिकणाऱ्या जखमा १८.९ टक्क्यांवरून १६ वर आल्या. वैद्यकात असा स्वस्त उपाय क्वचित सापडतो. पण मला त्यातला दुसराच आकडा टोचतो. नीट ३० दिवस पाहिलं तर पाच-सहा जणांत एकाची जखम पिकते, आणि माझ्या बाइंडिंग केलेल्या पुस्तकात त्या बोटांवर मोजण्याएवढ्या!

(गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये भोवतीचं चरबीचं वेष्टण, म्हणजे मेसोरेक्टम, अख्खं काढायची सर्जन हील्डसाहेबांची पद्धत तू एव्हाना पाठ केलीच असशील. त्यावर नंतर कधीतरी बोलू. तिथेही गाठ त्याच जागी परत उगवते का, हे वर्षानुवर्षं पाहिलं गेलं म्हणून १९८२ नंतर जग बदललं.)

आता विषय. गेल्या वर्षी याच दिवसांत तू मला फोनवर एका पेशंटबद्दल विचारलं होतंस. गडचिरोलीकडचा, पन्नाशीच्या आतला. गुदाशयाचा कॅन्सर काढून आतडं खाली जोडलेलं, आणि जोड सुरक्षित राहावा म्हणून तात्पुरती इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतडं पोटावर उघडून त्यावर लावलेली थैली. घरी गेला तेव्हा ठणठणीत. अडीच आठवड्यांनी आणला तेव्हा डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली की तशीच राहत होती, लघवी नावापुरती, मूत्रपिंड थकल्याचं सांगणारं क्रिएटिनिन वाढलेलं. त्याची बायको म्हणाली, “पाणी त बादलीभर पाजतो जी, पण सारं थैलीतच येते.” तू ते मला हसत सांगितलंस. मला मात्र वाटलं, सर्जरीच्या पुस्तकात दोन पानं घेणारी गोष्ट त्या बाईने एका वाक्यात सांगितली.

कारण खरंच तसं होतं. रोज दीडेक लिटर पाणी आणि मीठ परत शोषणारं मोठं आतडं वाटेतून बाद झालेलं असतं. लहान आतड्याच्या वरच्या भागात निव्वळ पाणी गेलं की शरीरातलंच मीठ आतड्यात उतरतं, मिठामागून पाणी जातं आणि थैली भरते. थैली भरली की घरचे घाबरून आणखी पाणी पाजतात. त्याला हवं होतं मीठ-साखरेचं पाणी, आणि साधं पाणी उलट मोजून. ओआरएसमधलं सोडियम २००२ मध्ये लिटरला ९० मिलिमोलवरून ७५ वर आणलं, ते जुलाब लागलेल्या मुलांच्या भल्यासाठी. इलिओस्टॉमीवाल्यांना अजून ९० च्या आसपासचंच द्रावण चांगलं मानतात. हे आपण त्या बाईला सुटीच्या दिवशी सांगितलं होतं का? कागदावर ‘भरपूर पाणी प्यावे’ असं छापलेलं होतं, एवढं मला आठवतं.

आता यात आपला उन्हाळा घाल. पारा ४५ च्या आसपास, अंगातलं मीठ घामावाटे आधीच जात असलेलं, वर ही थैली. घामाने थैलीची चकती सुटते ती गोष्ट वेगळीच. माणूस गळतीच्या धास्तीने जेवणच कमी करतो. माझा प्रश्न साधा आहे: मार्च ते जूनमध्ये इलिओस्टॉमी घेऊन घरी गेलेले पेशंट, बाकीच्या महिन्यांत गेलेल्यांपेक्षा, पाणी आटून जास्त परत येतात का? आणि येत असतील तर कितव्या दिवशी? इलिओस्टॉमीवाले पाणी आटून पुन्हा भरती होतात हे जगाला ठाऊक आहे. मे महिन्यातल्या पत्र्याच्या घरात काय होतं, हे शोधायला नागपूरपेक्षा बरी जागा कुठली?

साधनं फारशी नकोत. लिटरची जुनी बाटली, तिच्यावर मार्करने रेघा, थैली रिकामी करायची ती त्या बाटलीत. दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं की फोन. चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी सोडियम आणि क्रिएटिनिन. सिकलिंग टेस्टचा, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा रकाना विसरू नकोस. विदर्भात सिकलसेलवाल्याचं पाणी आटणं वेगळं प्रकरण आहे, आणि त्याचं पोट दुखायला लागलं की जोड गळला म्हणून तू उगाच पोट उघडून बसशील.

एकट्या तुझ्या युनिटमध्ये एवढे पेशंट मिळणार नाहीत. मेडिकल, मेयो, एम्स, नागपुरातल्या या सगळ्या इस्पितळांत तुझ्या बॅचचे कुणी ना कुणी आहेत. त्यांच्याशी बोल. नुसतं निरीक्षण करणार असशील तर एथिक्स कमिटी पुरे. पण निम्म्यांना एक द्रावण, निम्म्यांना दुसरं असं देणार असशील तर ती ट्रायल झाली, आणि पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंद हवी. २००९ पासून ते सक्तीचं आहे.

खरं काम फोनचं. केस-पेपरवर एक नंबर असतो आणि तो हैदराबादला कामाला गेलेल्या पोराचा निघतो. दोन घे, आणि गावच्या आशाताईचा तिसरा. दुपारी लावू नकोस, संध्याकाळी सातनंतर लाव. मे महिन्यात गडचिरोलीकडचे पेशंट फॉलोअपला आले नाहीत तर ‘निष्काळजी’ असा शेरा मारू नकोस. ते तेंदूपत्त्याचे दिवस असतात, अख्खं घर पहाटे जंगलात असतं आणि ती मजुरी वर्षातून एकदाच मिळते. तारीख देतानाच विचार, “तुमचा पत्ता कधी सुरू होतो?”

आणि जो सापडलाच नाही, त्याला सापडला नाही म्हणूनच लिही. माझ्यासारखा ‘निरोगी’मध्ये ढकलू नकोस. या शहरात १९८० पासून कॅन्सरची लोकसंख्येवर आधारित नोंदणी आहे. तशा नोंदणीत इस्पितळातल्या फायलींवर भागत नाही, मृत्यूच्या नोंदवह्याही तपासाव्या लागतात. तुलाही कदाचित ग्रामपंचायतीत फोन करावा लागेल. फॉलोअपला न आलेल्यांतले काही बरे झालेले असतात, काही दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेले असतात आणि काही गेलेले असतात. ऑपरेशन कसं झालं हे त्या तिसऱ्या गटाला धरल्याशिवाय सांगता येत नाही.

तुझ्या गाइडना विषय फार साधा वाटेल. वाटू दे. ‘नॉव्हेल्टी काय?’ असं विचारलं तर मे महिना म्हणून सांग.

रविवारी घरी ये. येताना फॉर्मचा कच्चा मसुदा आण, एका पानात मावेल एवढाच, आणि त्या गडचिरोलीच्या पेशंटचा नंबर सापडतो का बघ. त्याची थैली बंद केली की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. सकाळी आठच्या आत ये. कूलरचा पंप बिघडलाय, नंतर इथे बसवणार नाही.

तुझा,
सर